फोनचा एसएआर १.१८ दाखवतोय, बदलून घेऊ का?

निशिगंधा_इचल

नमस्कार मंडळी. लेक यंदा अकरावीला लातूरला चाललाय, वसतिगृहात राहणार आहे. त्याच्यासाठी परवा इचलकरंजीतच एक फोन घेतला, पंधरा हजारांच्या आतला. फोनबद्दल तक्रार नाही.

माझे धाकटे दीर जर्मनीत, श्टुटगार्टला असतात. व्हिडिओ कॉलवर म्हणाले, "वहिनी, *#०७# दाबा आणि काय येतं ते वाचून दाखवा." दाबलं. डोक्यासाठी १.१८ आणि शरीरासाठी ०.९१ वॅट प्रति किलो. भाऊजींच्या फोनचा आकडा ०.५८ आहे. ते म्हणतात, तिकडे ०.६ च्या खाली असेल तरच चांगला फोन समजतात, तुमचा दुप्पट आहे, वाढत्या वयाच्या पोराला असला फोन देऊ नका.

दुकानदाराकडे गेले. तो म्हणाला सील फोडलंय, आता परत होणार नाही. वर म्हणतो, "काकू, हे स्टिकर मागे चिकटवा, नव्वद टक्के रेडिएशन कापतं." साडेतीनशे रुपये. घेतलं नाही अजून.

आणि एक. सासूबाईंकडे बटणांचा फोन आहे, तो कायम ब्लाउजमध्ये. नणंद सोलापूरला असते, तिच्याशी रोज दुपारी तासभर बोलणं चालतं, तेही कानात वायर घालून आणि फोन तिथेच ठेवून. इतकी वर्षं कधी मनात आलं नाही, आता रोज दुपारी माझं लक्ष तिकडेच जातं.

तर हा आकडा नेमका कशाचा? कोण मोजतं, कुणावर मोजतं? जाणकारांनी सांगावं. वाद घालणाऱ्यांनीही सांगावं, पण जरा समजेल असं.

खवचट_खंडू

सासूबाईंना फोन ब्लाउजमधून काढा म्हणायची हिंमत असेल तर ताई तुम्हाला या जगात दुसऱ्या कशाची भीती बाळगायचं कारण नाही.

स्टिकर घेऊ नका. माझ्या मेहुण्यानं घेतलं होतं. रेडिएशनचं माहीत नाही, फोनचं कव्हर मात्र पुन्हा नीट बसलं नाही.

स्पष्टवक्ता५७

ताई, मी बँकेत तीस वर्षं ऑडिट केलं, त्यामुळे मला एकच प्रश्न पडतो. चाचणीला फोन कोण देतं? कंपनी. चाचणीचे पैसे कोण देतं? कंपनी. प्रयोगशाळा कुणाची? कंपनीकडून धंदा मिळवणाऱ्याची. मग १.६ ची मर्यादा असताना सगळेच्या सगळे फोन १.६ च्या आत बसतात याचं नवल ते काय? कर्जदारानंच आपल्या तारणाचं मूल्यांकन करून आणलं तर मी ते घेतलं नसतं.

आमच्या समोरच्या इमारतीवर तीन टॉवर आहेत, त्याचं तर कुणी बोलतच नाही.

मुक्ता_बंगळूर

निशिगंधाताई, फोन बदलू नका. स्टिकर घेऊ नका. सासूबाईंचा प्रश्न मात्र खरा आहे, त्यावर शेवटी येते.

मी बंगळूरला एका चाचणी प्रयोगशाळेत आहे आणि एसएआर, म्हणजे फोनच्या लहरींतली किती ताकद शरीरात शोषली जाते, दर किलोमागे किती वॅट, ते मोजणं हाच माझा धंदा आहे. तेव्हा काका, तुमचा टोमणा सरळ माझ्यावरच आहे. त्याचंही उत्तर देते, आधी ताईंचं.

कुणावर मोजतात? सॅमवर. एका मोठ्या टेबलात फायबरग्लासचे दोन अर्धे चेहरे बसवलेले असतात, एक डाव्या बाजूचा, एक उजव्या, कुशीवर झोपलेल्या माणसाचे असावेत असे, आणि आतून पोकळ. टरफल २ मिलीमीटर जाड, कानापाशी ६. मधोमध एक सपाट भाग असतो, तो धड म्हणून. डोक्याची मापं अमेरिकी लष्करानं १९८८ साली आपल्या लोकांची मोजणी केली होती त्यातून घेतलेली आहेत, आणि मुद्दाम मोठं डोकं निवडलंय: शंभरातल्या नव्वद पुरुष सैनिकांची डोकी त्याहून लहान भरतील असं. टरफलात वरून द्रव ओततात आणि फोन खालून गालाला लावतात.

द्रव म्हणजे मेंदूच्या जागी. रेडिओलहरींना मेंदूसारखाच वाटेल असा. ८३५ मेगाहर्ट्झची जुनी कृती ऐका: साखर ५६ टक्के, पाणी ४१ टक्के, मीठ दीड टक्का, दाटपणासाठी एक टक्का सेल्युलोज आणि नासू नये म्हणून चिमूटभर जंतुनाशक. हाताला थेट गुलाबजामच्या पाकासारखं लागतं. असं पंचवीसेक लिटर. वरच्या फ्रिक्वेन्सीला साखर चालत नाही, तिथे ग्लायकॉल जातीचं रसायन लागतं. हल्ली बऱ्याच ठिकाणी तयार मिश्रण विकत आणतात, त्यामुळे मुंग्यांचा त्रास संपला. पण पाणी उडालं की गुणधर्म बदलतात हे दुखणं तसंच आहे, म्हणून चाचणीआधी द्रवच मोजून घ्यायचा. ठरलेल्या आकड्यापासून ५ टक्क्यांपेक्षा जास्त हलला असेल तर पुढे जायचं नाही.

आता फोन. तो बाहेरच्या टॉवरशी बोलत नाही. खोली रेडिओलहरींना बंद केलेली असते आणि शेजारी टॉवरची नक्कल करणारं यंत्र असतं. ते फोनला हुकूम सोडतं, पूर्ण ताकद लाव. चाचणी संपेपर्यंत फोन त्याच ताकदीवर. गालाला टेकवून एकदा, तिथून १५ अंश तिरका करून एकदा. डावीकडे, उजवीकडे. २जी, ३जी, ४जी, ५जी, वायफाय, प्रत्येकाचे जितके बँड तितक्या वेळा, आणि त्या बँडमधला खालचा, मधला, वरचा चॅनेल. मोटारीच्या कारखान्यात असतो तसला सहा सांध्यांचा रोबो वरून द्रवात एक बारीक प्रोब फिरवतो. प्रोबच्या टोकाला तीन इवल्याशा अँटेना असतात, त्या विद्युतक्षेत्र मोजतात. आधी विरळ जाळीनं पूर्ण गाल, मग जिथे जास्त सापडलं तिथे दाट जाळीनं पुन्हा. शेवटी रोबो सुरुवातीच्या बिंदूवर परत येतो आणि मधल्या काळात फोनची ताकद घसरली नाही ना ते बघतो. बॅटरी उतरल्यामुळे आकडा छान आला, असं चालत नाही.

एक फोन पूर्ण करायला कधी कधी दोन-दोन आठवडे जातात. शेकडो आकडे निघतात. त्यातला सर्वात मोठा तेवढा एक तुमच्या पडद्यावर आलाय. म्हणजे १.१८ हा कुठल्या तरी एका बँडवर, एका गालावर, एका कोनात, फोन पूर्ण ताकदीवर असताना, सगळ्यात तापलेल्या एका घन सेंटिमीटरचा आकडा आहे. तुमचा लेक लातुरात तो बँड वापरेलच असं नाही, आणि पूर्ण ताकद तर फोन सहसा लावतच नाही. सिग्नल चांगला असला की टॉवर त्याला सतत सांगत असतो, कमी कर, कमी कर. बॅटरी वाचते ती त्यामुळेच. उलट ०.५ वाला फोन घेऊन लेक पत्र्याच्या खोलीत एका काडीच्या सिग्नलवर तासभर बोलला, तर १.१८ वाल्यापेक्षा जास्त घेईल. म्हणून मी तरी हा आकडा पास-नापास एवढ्यापुरताच वाचते. त्यावरून पहिला-दुसरा नंबर काढत बसत नाही.

भाऊजींचं बोलणं चुकीचं नाही, पण ते मीटर आणि वार मिसळतायत. युरोपात मर्यादा २ वॅट प्रति किलो आहे आणि ती १० ग्रॅम ऊतीवर सरासरी काढून. आपल्याकडे १.६, आणि १ ग्रॅमवर. १० ग्रॅम म्हणजे साधारण साडेएकवीस मिलीमीटर बाजूचा ठोकळा. तापलेली जागा लहान असते, ती मोठ्या ठोकळ्यात धरली की आजूबाजूच्या थंड भागात वाटली जाते आणि आकडा खाली येतो. भाऊजींचाच फोन इथल्या पद्धतीनं मोजला तर ०.५८ राहणार नाही, वर जाईल. आपल्याकडेही २००८ पासून युरोपसारखंच २ आणि १० ग्रॅम होतं. १ सप्टेंबर २०१२ पासून ते १.६ आणि १ ग्रॅम झालं, जे अमेरिकेत आधीपासून आहे. तेव्हा आपला नियम जर्मनीपेक्षा कडक आहे, हे त्यांना पुढच्या व्हिडिओ कॉलवर जरूर सांगा. ०.६ हा आकडा बहुधा त्यांच्या 'ब्लाउअर एंगेल' या पर्यावरण शिक्क्याचा असावा. तो शिक्का मिळवायची ती अट होती, त्याच्या वर गेलं की धोका असा त्याचा अर्थ नाही.

आणि १.६ तरी कुठून आला? उंदीर आणि माकडं. खाऊ मिळावा म्हणून दांडी दाबायला शिकवलेले प्राणी घेतले, त्यांच्या अंगावर रेडिओलहरी सोडल्या. अख्ख्या शरीराला सरासरी ४ वॅट प्रति किलोच्या आसपास गेलं की अंग सुमारे एक अंशानं तापतं आणि ते काम टाळायला लागतात. ही पायरी धरली. तिला ५० नं भागलं, ०.०८, ती सामान्य माणसाच्या पूर्ण शरीराची मर्यादा. एखाद्या लहानशा जागी त्याच्या २० पट चालेल असं ठरलं, ते झालं १.६. म्हणजे हा पूर्ण हिशोब उष्णतेचा आहे. उष्णता सोडून आणखी काही होतं का, यावर या आकड्याचं काही म्हणणं नाही.

स्पष्टवक्ता५७

म्हणजे डोकं अमेरिकन फौजीचं आणि फोन अकरावीच्या पोराचा. वा. पोराचं डोकं लहान, हाड पातळ, त्याचं काय?

आणि पैशांच्या प्रश्नाला बगल दिलीत.

मुक्ता_बंगळूर

बगल नाही काका, मध्ये जेवायला गेले होते.

डोक्याचं आधी. हा वाद आमच्या क्षेत्रात जुना आहे आणि त्यात आपला माणूसही आहे. युटा विद्यापीठाचे प्राध्यापक ओम गांधी. सॅमचं मोठं डोकं लहान मुलाला जाणारी मात्रा कमी दाखवतं आणि कानापाशी ठेवलेली प्लास्टिकची जाडी फोनला मेंदूपासून उगाच लांब नेते, असं ते आणि त्यांचे सहकारी सांगत आले, २०१२ साली त्यावर त्यांचा मोठा लेखही आला. दुसऱ्या बाजूनं अनेक प्रयोगशाळांनी मिळून संगणकावर तुलना केली, त्यात सॅमचा आकडा खऱ्या शरीररचनेच्या प्रतिकृतींपेक्षा बहुतेक वेळा जास्तच निघाला. माझं मत विचाराल तर मुलाच्या मेंदूच्या काही भागांना मोठ्यांपेक्षा जास्त जातं हे खरं, कारण ते भाग फोनच्या जास्त जवळ असतात. पण हल्ली अकरावीचं पोर फोन कानाला लावतं कुठे? समोर धरून बघत बसतं. अंतर वाढलं की मात्रा झपाट्यानं पडते.

आता पैसे. बरोबर आहे, नमुने कंपनी देते आणि बिल कंपनीच्या नावानं फाटतं. प्रयोगशाळेला मान्यता टिकवायची असते, उपकरणांची तपासणी बाहेरून होते, दिल्लीत दूरसंचार खात्याच्या टीईसी या अभियांत्रिकी केंद्राची स्वतःची एसएआर प्रयोगशाळाही आहे. तरी ऑडिटरचं समाधान एवढ्यानं होऊ नये हे मला मान्य. समाधान दुकानातून न सांगता फोन उचलून मोजण्यानं होतं. ते फ्रान्स करतं. तिथल्या फ्रिक्वेन्सी खात्यानं, एएनएफआरनं, १२ सप्टेंबर २०२३ ला आयफोन १२ ची विक्री थांबवली. फोन बाजारात येऊन तीन वर्षं होत आली होती. हातात किंवा खिशात अंगाला चिकटून असतानाची तिकडची मर्यादा ४ वॅट प्रति किलो, मोजलं तर ५.७४. डोक्याच्या बाजूला काही भानगड नव्हती.

का झालं ते मला फार आवडतं, म्हणून थोडं लांबवते. त्या फोनमध्ये सेन्सर आहेत. फोन टेबलावर निवांत पडलाय असं त्यांना वाटलं की तो जास्त ताकद वापरायची मुभा घेतो, कारण जवळ माणूस नाही. अंगावर आहे असं वाटलं की ताकद कमी. आता प्रयोगशाळेत फोन कसा असतो? खोट्या शरीराला बांधलेला आणि अगदी स्थिर. फ्रेंच चाचणीत त्यानं टेबल समजून ताकद वाढवली. कंपनी म्हणाली, हा तुमच्या चाचणीपद्धतीचा प्रश्न आहे. फ्रेंच म्हणाले, असेल, आकडा खाली आणा. शेवटी फ्रान्सपुरतं सॉफ्टवेअर बदलून दिलं, ते स्थिर असताना ताकद वाढवणं बंद केलं आणि आकडा ३.९४ वर आला. फोनचा एक स्क्रूसुद्धा बदलला नाही. एसएआर आता निम्मा सॉफ्टवेअरमध्ये असतो तो असा, आणि एकदा पास झालेला फोन अपडेटनंतर तसाच राहील हे गृहीत धरता येत नाही. म्हणूनच दुकानातून उचलून मोजणारं कुणीतरी हवं, या मुद्द्यावर मी काकांच्या बाजूनं आहे.

फोंड्याचा_मास्तर

मुक्ताबाईंनी उष्णता सोडून इतर गोष्टींबद्दल आकड्याचं काही म्हणणं नाही असं लिहिलं आणि ताईंना झोप लागणार नाही अशी व्यवस्था केली. मी बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो, तेव्हा थोडी भर.

१८०० मेगाहर्ट्झच्या एका फोटॉनची ऊर्जा साडेसात मायक्रोइलेक्ट्रॉनव्होल्ट सुद्धा नाही. रेणूतला इलेक्ट्रॉन उडवायला दहाएक इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. लाखपटीहून जास्त फरक. एक्स-रे जसा डीएनएला थेट तोडतो तसं इथे होत नाही. मुलांना हे पटतं, पालकसभेत पटत नाही.

कर्करोगाचं विचाराल तर २०११ च्या मे महिन्यात फ्रान्समधल्या ल्यों इथल्या आयएआरसी या कर्करोग संशोधन संस्थेनं रेडिओलहरींना '२बी' गटात टाकलं, म्हणजे शक्यता नाकारता येत नाही. त्याच गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही आहे. २०१८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमानं उंदरांवरचा निकाल दिला. रोज नऊ तास, दोन वर्षं, पूर्ण शरीराला. नर उंदरांच्या हृदयात गाठी जास्त सापडल्या, आणि तेच उंदीर लहरी न दिलेल्या उंदरांपेक्षा जास्त जगले. त्याचा अर्थ लावण्यात अजून लोकांची डोकी खर्ची पडतायत. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं करून घेतलेला आढावा आला, १९९४ ते २०२२ मधले ६३ अभ्यास एकत्र पाहून. मेंदूच्या कर्करोगाशी मोबाइलचा संबंध दिसला नाही, दहा वर्षांहून जास्त वापरणाऱ्यांतही नाही. मला हे पुरेसं आहे. ज्यांना पुरेसं नाही त्यांच्याशी मी भांडत नाही, ते वायरवर बोलोत बापडे.

निशिगंधा_इचल

मुक्ताताई, मास्तर, खूप आभार. मिस्टरांना वाचून दाखवलं. ते म्हणतात, साखर ५६ टक्के म्हणजे आपल्याकडच्या चहाला वाटच नाही.

फोन ठेवतोय. भाऊजींना १ ग्रॅम-१० ग्रॅमचं सांगितलं, ते जरा वेळ गप्प होते. मग म्हणाले बघतो.

पण स्टिकरचं कारण कुणी सांगितलं नाही, नुसतं नको म्हणालात. आणि सासूबाई राहिल्या की हो.

मुक्ता_बंगळूर

स्टिकर: लहरी फोनच्या एखाद्या भोकातून निघत नाहीत, अँटेना असलेली अख्खी कड आणि फोनचं अंग मिळून प्रक्षेपण होतं. नाण्याएवढ्या कागदानं त्यातलं काय अडणार? आणि समजा खरोखर धातूचा पत्रा असला आणि त्यानं अडवलं, तर सिग्नल खराब होईल आणि फोन ताकद वाढवेल. म्हणजे काम करत नाही तोवर निरुपद्रवी, काम केलं तर उलटं. अमेरिकेच्या व्यापार आयोगानं २००२ मध्येच असल्या 'कवच' विकणाऱ्या दोन कंपन्यांवर कारवाई केली होती. नेदरलँड्समधला किस्सा तर त्याहून भारी. डिसेंबर २०२१ मध्ये तिथल्या अणुसुरक्षा खात्यानं ५जी पासून वाचवणारे म्हणून विकलेले दहा प्रकार तपासले, त्यात माळा, बांगडी, झोपताना डोळ्यांवर बांधायची पट्टी. त्यातूनच आयनीकारक किरणं निघत होती. मास्तर म्हणतात ती डीएनए तोडणारी जात. लोक ती रात्रभर डोळ्यांवर बांधून झोपत होते.

साडेतीनशे रुपयांत लेकाला बरा वायरवाला हेडफोन घेऊन द्या.

आता सासूबाई. तुमच्या फोनचा दुसरा आकडा बघा, शरीरासाठी ०.९१. तो मोजताना फोन सॅमच्या सपाट भागाला चिकटवलेला नसतो, मध्ये अंतर ठेवतात. भारतात विकल्या जाणाऱ्या बऱ्याच फोनांच्या पुस्तिकेत बारीक अक्षरात सापडेल, १५ मिलीमीटर. कमरेच्या पट्ट्याला क्लिपनं फोन लावायचे त्या काळातली ही पद्धत. खिशात कापडाची जाडी एक मिलीमीटर, आणि ब्लाउजमध्ये तर तेवढीही नाही. चिकटवून मोजलं तर काय येतं? फ्रान्समध्ये २०१५ साली मोजलेल्या फोनांबद्दल पुढच्या वर्षी तिथल्या आरोग्यसुरक्षा संस्थेनं लिहिलं: अंगाला लावून मोजलेल्या ९५ फोनांपैकी ८९ टक्के २ वॅटच्या वर गेले. युरोपनंही २०१६ मध्येच अंतर ५ मिलीमीटरपेक्षा जास्त ठेवायचं नाही असा नियम केला. हे माझ्या धंद्यातलं सगळ्यात कच्चं अंतर आहे, शब्दशः.

पण घाबरू नका. न बोलता नुसता पडून असलेला बटणांचा फोन अधूनमधून क्षणभर टॉवरला हजेरी देतो, बाकी वेळ गप्प असतो. दिवसभर ब्लाउजमध्ये असण्यानं फारसं काही होत नाही. प्रश्न त्या दुपारच्या तासाचा आहे. वायर कानात असल्यामुळे डोकं सुटलं, पण बोलणारा फोन छातीशी आला. आणि बटणांचा २जी फोन तसा जोरदार असतो, ९०० मेगाहर्ट्झवर क्षणोक्षणीचे झटके २ वॅटपर्यंत, सरासरी पाव वॅट. ४जी फोनची पूर्ण ताकद ०.२ वॅट असते आणि तो ती क्वचित वापरतो. म्हणून त्यांना एवढंच सांगा, बोलताना फोन बाहेर काढून शेजारी ठेवायचा. बोलून झालं की परत जागेवर. हातभर अंतर पुष्कळ झालं.

हे सगळं करून त्यांचा कुठला आजार टळेल असा दावा मी करत नाही. चाचणी ज्या अंतरावर झाली त्या अंतरावर फोन वापरा, इतकंच म्हणते.

खवचट_खंडू

ताई, सासूबाईंना सांगताना "बंगळूरच्या बाई म्हणाल्या" असं सांगा. आपलं नाव मध्ये आणू नका.

निशिगंधा_इचल

तसंच सांगितलं. म्हणाल्या, "बाहेर ठेवला आणि मांजरानं पाडला तर?" मग म्हणाल्या, वायर आखूड आहे. लांब वायर आणून दिली. आता फोन भाजीच्या परातीशेजारी असतो आणि नणंदेला पहिल्या दिवशी विचारून झालं की तुझ्याकडे कुठे ठेवतेस गं.

स्पष्टवक्ता५७

सगळं ठीक. पण माझ्या समोरच्या तीन टॉवरांचं कुणी मनावर घेतलेलं दिसत नाही.

मुक्ता_बंगळूर

घेतलं, काका. टॉवर माझा विषय नाही, पण इतकं माहीत आहे. १ सप्टेंबर २०१२ पासून आपल्याकडे टॉवरची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहावा हिस्सा केली गेली, म्हणजे ९०० मेगाहर्ट्झला दर चौरस मीटरला ४.५ वॅट ऐवजी ०.४५. इथेही आधी कंपनीच स्वतःचं प्रमाणपत्र देते आणि दूरसंचार खातं त्यातले काही टॉवर निवडून तपासतं, तेव्हा तुमचा जुना आक्षेप इथेही लागू. पण इथे तुम्हाला स्वतः मोजून घेता येतं. २०१७ च्या मे महिन्यात 'तरंग संचार' नावाचं सरकारी संकेतस्थळ सुरू झालं. त्यावर तुमच्या इमारतीजवळचे टॉवर नकाशावर दिसतात आणि शुल्क भरून मोजणी मागता येते. सुरू झालं तेव्हा ते ४००० रुपये होतं. मोजणीच्या वेळी तुम्ही हजर राहा आणि गच्चीवर नव्हे, तुम्ही जिथे रोज बसता त्या खिडकीत मोजायला सांगा. अँटेनाचा झोत समोर आडवा जातो, त्यामुळे टॉवरच्या थेट खालच्या मजल्यापेक्षा समोरच्या इमारतीत त्याच उंचीवर जास्त भरतं. तुम्ही कितव्या मजल्यावर राहता?

स्पष्टवक्ता५७

तिसऱ्या. टॉवर सातव्याच्या वर.

मुक्ता_बंगळूर

मग तुमच्यापेक्षा तुमच्या सातव्या मजल्यावाल्यांना विचारा. मोजणी त्यांच्या खिडकीत करून घ्या आणि शुल्क सोसायटीकडून वसूल करा, ते काम तुम्हाला सांगायला नको.

स्पष्टवक्ता५७

सातव्या मजल्यावर सोसायटीचे सेक्रेटरी राहतात. रविवारी सभा आहे, विषयपत्रिकेत टाकतो.